लंडन-न्यूयॉर्क अंतर एकच, मग जाताना ८ तास आणि येताना ६ की ७? (आईच्या गोळीची वेळ लावायची आहे)

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण प्लीज पूर्ण वाचा.

३ मार्चला आईला घेऊन लंडन हीथ्रोहून न्यूयॉर्क जेएफकेला जायचंय, १७ मार्चला परत. आईची एक गोळी दर १२ तासांनी असते, सकाळी ८ आणि रात्री ८. चार वर्षांत तिने ती एकदाही चुकवलेली नाही, साडेसातपासूनच पाण्याचा पेला भरून घड्याळाकडे बघत बसलेली असते. परवा तिने मला विचारलं, "विमानात माझे आठ कधी वाजणार गं?" आणि मला उत्तरच देता आलं नाही.

मग शोधायला बसले तर डोकं आणखीच फिरलं. एका साइटवर अंतर ५,५४० लिहिलंय, दुसरीवर ५,५७०, तिसरीवर ३,४४२ आणि आणखी एकीवर २,९९१. फ्लाइटचा वेळ कुठे ६ तास ५० मिनिटं, कुठे ७ तास, कुठे ८. आणि तिकिटावर बघितलं तर जाताना ११:२० ला सुटून १४:२० ला पोचतंय, म्हणजे ३ तास?? ३ तास नाहीत एवढं मला कळतं, घड्याळाचा फरक आहे, पण मग नक्की किती तास आणि कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

दोन विमानतळांमधलं अंतर तर तेच राहतं ना, मग जायचा वेळ आणि यायचा वेळ वेगळा का? कोणी नीट समजावून सांगेल का, म्हणजे मला आईला समजावता येईल.

---

नकाशावेडा:

पाऊलवाट ताई, आधी अंतराचं बघू कारण ते सोपं आहे, तुमचे चारही आकडे बरोबर आहेत.

५,५४० हे किलोमीटर. ३,४४२ हे तेच अंतर साध्या मैलांत, १ मैल म्हणजे १.६०९ किमी. २,९९१ सुद्धा तेच अंतर पण नॉटिकल मैलांत, जो १.८५२ किमीचा असतो आणि विमानवाले, जहाजवाले तोच वापरतात. साइटवर नुसतं "मैल" लिहिलं की कुठला मैल ते कळत नाही आणि तिथेच सगळा घोळ होतो. आणि ५,५७० जे दिसतंय ते विमानतळ ते विमानतळ नाहीये, ते शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत आहे. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आणि जेएफके न्यूयॉर्कच्या पूर्वेला, म्हणजे दोन्ही विमानतळ एकमेकांच्या बाजूला सरकलेले, म्हणून ३० किमी कमी भरतात. काही साइट्स ५,५५५ च्या आसपास दाखवतील, त्याही चुकीच्या नाहीत. पृथ्वी पूर्ण गोल धरली तर ५,५४०, आणि खरी आहे तशी म्हणजे ध्रुवांशी किंचित दबलेली धरली तर थोडं वाढतं. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७, एवढाच तो फरक.

आता हे अंतर मोजतात कसं, कारण नकाशावर पट्टी ठेवून ते येत नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर आईंना बरोबर घेऊन बसा आणि एक दोरा घ्या. एक टोक लंडनवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. दोरा सरळ पश्चिमेला नाही जाणार, तो आधी वर चढेल, आयर्लंडवरून अटलांटिकमध्ये जाईल, मग न्यूफाउंडलंड, आणि तिथून नोव्हा स्कोशियाच्या बाजूने खाली न्यूयॉर्ककडे उतरेल. ताणलेला दोरा म्हणजेच सगळ्यात जवळचा रस्ता, याला ग्रेट सर्कल म्हणतात. विमानात समोरच्या स्क्रीनवर रस्ता वाकडा दिसतो आणि लोकांना वाटतं पायलट वळसा घेतोय, पण वाकडा नकाशा असतो, रस्ता नाही. भिंतीवरचा नेहमीचा नकाशा मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये केलेल्या पद्धतीचा, त्यात वरचे प्रदेश भयंकर ताणले जातात.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे माद्रिद आणि न्यूयॉर्क. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर, साडेचाळीसच्या आसपास. नकाशावर वाटेल की नाक पश्चिमेला करा आणि सरळ जा. तसं गेलात तर ५,९३० किमी पडतात. आणि ग्रेट सर्कलने, म्हणजे आधी ४६ अंशांपर्यंत उत्तरेला चढून मग उतरलात, तर ५,७६० च्या आसपास. वर चढूनसुद्धा पावणेदोनशे किमी वाचले! मी हे पहिल्यांदा गणित करून बघितलं तेव्हा तीनदा तपासलं होतं.

हिशोब स्वतः करायचा असेल तर पृथ्वीच्या मध्यातून दोन्ही विमानतळांकडे रेषा काढल्या की त्यांच्यात जो कोन होतो तो काढायचा. लंडन-न्यूयॉर्कचा ४९.८ अंश येतो, आणि १ अंश म्हणजे १११.२ किमी. गुणा आणि बघा.

वेळेचं माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे इथे आहेत, ते येतीलच.

---

भागाकार:

सोप्पं आहे हो, किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. ५,५४० भागिले ८५० म्हणजे साडेसहा, अधिक अर्धा, ७ तास. मी कायम असंच करतो आणि बऱ्यापैकी जुळतं.

---

रात्रपाळी:

भागाकार, अंदाजाला तुमची पद्धत चांगली आहे, पण पाऊलवाटना अंदाज नकोय, त्यांना आईची गोळी द्यायचीय. आणि ७ हे एकच उत्तर जाण्याला आणि येण्याला दोन्हीला लागू होत नाही, जाताना त्याहून जास्त वेळ लागतो.

मी ११ वर्षं फ्लाइट डिस्पॅचला होतो, बहुतेक रात्रीच्या शिफ्टला, कुठलं विमान कुठल्या वाटेने जाणार, किती इंधन घेणार हे ठरवणारं डेस्क. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, "फ्लाइट टाइम" म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे चाकं जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ, हवेतला. दुसरा ब्लॉक टाइम, म्हणजे गेटवर उभ्या असलेल्या विमानाच्या चाकांना लावलेले चोक काढून ते मागे सरकलं तिथपासून ते पलीकडच्या गेटला लागून उभं राहिलं तिथपर्यंत. तिकिटावर छापलेला वेळ नेहमी ब्लॉक टाइम असतो. अंतर टाकून वेळ काढणाऱ्या साइट्स बहुतेक वेळा हवेतला वेळ देतात, तोही वारा शून्य धरून. म्हणून तुम्हाला कुठे ६:५० दिसलं आणि कुठे ८.

मधला फरक कुठे जातो? टॅक्सीत. टॅक्सी म्हणजे गेटपासून रनवेपर्यंत विमान चाकांवर जातं ते. जेएफकेला संध्याकाळी युरोपला जाणारी विमानं एकामागे एक लागलेली असतात, रांगेत अर्धा तास सहज जातो. हीथ्रोला उतरताना गर्दी असेल तर विमानांना चार ठरलेल्या ठिकाणी गोल फिरवत ठेवतात, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. खिडकीतून तीच नदी तुम्हाला तिसऱ्यांदा दिसली तर समजा तिथे आहात. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक लावतात, थोडं राखीव ठेवून, म्हणून पुष्कळदा विमान छापलेल्या वेळेच्या आधीच पोचतं आणि मग गेट रिकामं होईपर्यंत थांबतं.

दुसरी गोष्ट वारा, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. मोठं जेट साधारण ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने उडतं. वर ३५,००० फुटांवर उणे ५४-५५ तापमान असतं, थंड हवेत ध्वनी हळू जातो, तिथे त्याचा वेग ताशी १,०६५ किमीच्या आसपास. म्हणजे विमानाचा ताशी ९०० धरा. पण हा वेग हवेतून जायचा आहे, जमिनीवरून जायचा नाही. आणि ती हवाच जर सरकत असेल तर? साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा अरुंद जोरदार पट्टा वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे तो तयार होतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतो. थंडीत हा फरक जास्त, म्हणून वाराही जास्त. तुमचा मार्चचा पहिला आठवडा म्हणजे अजून तो चांगलाच जोरात असतो.

आता गणित. ५,५०० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १००. न्यूयॉर्कहून लंडनला वारा मागून, वेग १,०००, साडेपाच तास. लंडनहून न्यूयॉर्कला वारा तोंडावर, वेग ८००, ६ तास ५२ मिनिटं. सव्वा तासाहून जास्त फरक, आणि अंतर तेच. आणखी एक, लोकांना वाटतं जाताना गेलं ते येताना मिळालं, फिट्टंफाट. नाही. दोन्ही मिळून १२ तास २२ मिनिटं झाली, वारा नसता तर १२ तास १३ मिनिटं लागली असती. उलटा वारा जास्त वेळ त्रास देतो कारण तुम्ही त्याच्यात जास्त वेळ असता.

किती टोकाला जाऊ शकतं हे बघायचं तर फेब्रुवारी २०२०. सियारा वादळ अटलांटिकवर होतं आणि न्यूयॉर्कहून लंडनला आलेलं एक ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबाने वेग एका क्षणी ताशी १,३२७ किमीपर्यंत गेला होता. तरीही ते ध्वनीपेक्षा वेगात गेलं असं म्हणता येत नाही कारण आजूबाजूची हवाच त्याला घेऊन धावत होती. (खरोखर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं काँकर्ड होतं, १९९६ मध्ये त्याने हेच अंतर २ तास ५३ मिनिटांत कापलं.)

म्हणूनच डेस्कवर आम्ही सगळ्यात जवळचा रस्ता शोधत नव्हतो, सगळ्यात कमी वेळ आणि इंधनाचा शोधत होतो. अटलांटिकवरच्या वाटा रोज वाऱ्याप्रमाणे नव्याने ठरतात. पूर्वेकडे येताना जेट स्ट्रीम पकडायचा, पश्चिमेकडे जाताना त्याला बगल द्यायची, मग शंभर-दोनशे किमी जास्त पडले तरी चालतं. माझ्या टेबलावर रात्री दोन वाजता वाऱ्याचा नवा नकाशा यायचा, बाणांच्या शेपट्यांवर त्रिकोण काढलेले असतात, एक भरीव त्रिकोण म्हणजे ५० नॉट (१ नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). तीन त्रिकोण दिसले की मी आधी पश्चिमेकडे जाणाऱ्या सगळ्या फ्लाइट्सचं इंधन परत काढायला घ्यायचो.

तर ताई, जाताना तिकिटाप्रमाणे ८ तास धरा आणि येताना ७ तास. गोळीचा हिशोब गेट ते गेट करा.

---

ओंजळभर:

भागाकार यांचं सूत्र छोट्या फ्लाइटला अजिबात चालत नाही हेही सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी फ्लाइट आहे, अंतर फक्त २.७ किमी, वेळापत्रकात २ मिनिटं. वारा चांगला असेल तेव्हा ५३ सेकंदांत झालेली आहे! तुमच्या सूत्राने अर्धा तास येईल. आणि दुसरं टोक सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३०० किमीहून थोडं जास्त, साडेअठरा तासांच्या वर. १८ तास एकाच खुर्चीत.

---

भागाकार:

ओंजळभर, मान्य. सूत्र दीड-दोन हजार किमीच्या पुढेच वापरायचं असं लिहायला हवं होतं.

---

पाऊलवाट:

बापरे, किती छान समजावलंत सगळ्यांनी. दोऱ्याचा प्रयोग आईबरोबर केला, तिने स्वतः दोरा धरला आणि म्हणाली अगं हे तर वरून जातंय!

आता गणित करून बघितलं, चुकलं तर सांगा. जाताना ११:२० ते १४:२०, घड्याळाने ३ तास, न्यूयॉर्क ५ तास मागे म्हणून ५ मिळवले, ८ तास. रात्रपाळी दादांच्या आकड्याशी जुळलं, फार बरं वाटलं.

पण येताना जुळत नाहीये. न्यूयॉर्कहून २०:०० ला सुटतं, लंडनला दुसऱ्या दिवशी ०७:०० ला पोचतं. घड्याळाने ११ तास, त्यातून ५ वजा, ६ तास. दादा तर ७ म्हणतायत. एवढा जोराचा वारा धरून तिकीट छापतात का? आणि जर खरंच ६ असेल तर माझा पूर्ण कागद बदलेल.

---

खिडकीची_सीट:

पाऊलवाट, तुमची वजाबाकी बरोबर आहे, पण वजा करायचा आकडा ५ नाही, ४ आहे. तारखा परत बघा.

अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं १ तास पुढे करतात ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी. ब्रिटनमध्ये करतात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी. दुसरा रविवार कुठल्याही वर्षी ८ ते १४ तारखेच्या मध्येच येतो आणि शेवटचा २५ ते ३१ मध्ये. तुम्ही जाताय ३ ला, म्हणजे दोन्हीकडे अजून हिवाळ्याची वेळ, फरक ५ तास. येताय १७ ला, तोपर्यंत न्यूयॉर्क एक तास पुढे सरकलेलं असणार आणि लंडन अजून जागेवरच, म्हणून फरक ४ तास. ११ वजा ४, ७ तास. जुळलं!

ऑक्टोबरच्या शेवटीसुद्धा एक आठवडा असाच असतो, तेव्हा ब्रिटन आधी मागे येतं आणि अमेरिका आठवड्याने. वर्षातले हे तीन-चार आठवडे सोडले तर बाकी कायम ५.

म्हणून मी फरक पाठ करतच नाही. दोन्ही वेळा यूटीसीत (जगभर धरतात ती एकच प्रमाण वेळ, हिवाळ्यात लंडनचीही तीच) आणायच्या आणि मग वजा करायच्या, की चूक होत नाही. तुमचं बघा: जाताना सुटायची वेळ ११:२० यूटीसी. पोचायची १४:२० अधिक ५ म्हणजे १९:२० यूटीसी. ८ तास. येताना सुटायची २०:०० अधिक ४ म्हणजे मध्यरात्र ००:०० यूटीसी, पोचायची ०७:०० यूटीसी. ७ तास. झालं.

नुसत्या घड्याळावर विसंबलं तर काय होतं याचं एक जबरदस्त उदाहरण आहे. प्रशांत महासागरात सामोआ देशाचं आपिआ आणि शेजारच्या अमेरिकन सामोआतलं पागो पागो, मध्ये दीडशेएक किमी, विमानाला तास पण लागत नाही. पण सामोआने २०११ च्या डिसेंबरमध्ये तारीखरेषेची बाजू बदलली, ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही, २९ नंतर थेट ३१. त्यामुळे आता दोन्ही ठिकाणी घड्याळात तेवढेच वाजलेले असतात पण तारखेत पूर्ण २४ तासांचा फरक. आज दुपारी आपिआहून निघालात की काल दुपारी पागो पागोला उतरता.

आता गोळीचं. जाताना आईंचे रात्रीचे आठ म्हणजे २०:०० यूटीसी, विमान गेटला लागतं १९:२० ला. म्हणजे आईंचे आठ विमानात वाजतच नाहीत! ते वाजतात उतरल्यावर ४० मिनिटांनी, न्यूयॉर्कच्या भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे ३ वाजलेले असताना, आणि त्या वेळी तुम्ही बहुतेक इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या असाल. येतानाही तसंच, ७ ला उतरणार आणि आठ वाजता पुन्हा रांगेत. गोळी आणि पाण्याची बाटली हातातल्या पर्समध्ये ठेवा, वरच्या कप्प्यातल्या बॅगेतसुद्धा नको. पाण्याची बाटली सिक्युरिटीतून रिकामी न्यायची आणि आत गेल्यावर भरायची.

बाकी न्यूयॉर्कच्या दोन आठवड्यांत लंडनचे सकाळचे आठ म्हणजे तिथले पहाटेचे ३, आणि घड्याळ बदललं की ४. तेव्हा आईंना झोपेतून उठवायचं की वेळ हळूहळू सरकवायची हे डॉक्टरांनाच विचारा, इथे कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

---

डोंगरमाथा:

खिडकीची_सीट यांनी पर्सचं सांगितलं त्याला माझे दहा वेळा अनुमोदन, आणि का ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांबरोबर प्रवास करत होतो, हवेतला वेळ फक्त ३ तास, म्हणून बाबांच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या, म्हटलं उतरल्यावर काढू. निघतानाच गेटपासून सुटून रनवेजवळ एक तास दहा मिनिटं थांबलो. मग उतरायच्या ठिकाणी धुकं, पाऊण तास गोल फिरलो, आणि शेवटी विमान दुसऱ्याच शहरात उतरवलं. तिथे दारं बंद ठेवून दोन तास बसवलं आणि मग परत उडालो. बाबांची गोळी पाच तास उशिरा झाली, ती आमच्या पायाखाली दहा फुटांवर विमानाच्या पोटात होती आणि मला काढता येत नव्हती. बाबा एक शब्द बोलले नाहीत, नुसते माझा हात धरून बसले होते आणि तो हात गार पडत चालला होता. केबिन क्रूने साखरपाणी आणून दिलं, पुढे सगळं ठीक झालं. पण तेव्हापासून मी ८ तासांच्या फ्लाइटला १६ तासांच्या गोळ्या जवळ ठेवतो, आणि थोड्या दुसऱ्याच्या बॅगेत पण.

विमानतळांमधलं अंतर पाहून प्रवास किती वेळाचा ते ठरवू नका. दारातून निघाल्यापासून दारात पोचेपर्यंत मोजा.

---

उत्तरध्रुव:

पाऊलवाटना वेळ जुन्या लेखांत वेगळा दिसला असेल तर आणखी एक कारण असू शकतं, त्यांच्या रूटला नाही पण इतरांच्या उपयोगाचं. आकाश बंद होणं. हेलसिंकी ते टोकियो, दोन्ही विमानतळ जिथल्या तिथे, अंतर ७,८०० किमीच्या आसपास, ते रशियावरून जायचं आणि साडेनऊ तास लागायचे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपच्या कंपन्यांना बंद झालं आणि तीच फ्लाइट १३ तासांवर गेली, कधी उत्तर ध्रुवावरून तर कधी दक्षिणेकडून वळसा घालून. मी ध्रुवावरून गेलोय. खाली नुसता निळसर पांढरा बर्फ आणि त्यात काळ्या भेगा, तासन्‌तास तेच, आणि मला खिडकीवरून डोळे काढवत नव्हते.

अंतर काढणाऱ्या साइटवर आजही जुनंच अंतर आणि साडेनऊ-दहा तास दिसतील, कारण तिला फक्त दोन बिंदू माहीत असतात. म्हणून वेळ कायम तिकिटावरूनच घ्या.

---

रात्रपाळी:

खिडकीची_सीट, घड्याळ बदलाचं मी लिहायला हवं होतं, तुम्ही बरोबर पकडलंत. डेस्कवर सगळं यूटीसीतच चालायचं त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाऊलवाट, यात तुमच्या आईंसाठी एक सोय दडलेली आहे. १७ मार्चपर्यंत लंडनची वेळ म्हणजेच यूटीसी. म्हणजे आईंनी मनगटावरचं घड्याळ आहे तसंच ठेवलं, हातच लावला नाही, तर पूर्ण प्रवासभर ते बरोबर दाखवणार. कॉकपिटमध्ये पायलटसमोरचं घड्याळही तीच वेळ दाखवत असतं. फोन नको, तो उतरल्या उतरल्या स्वतःच वेळ बदलतो आणि त्यात लावलेला आठचा गजर मग स्थानिक आठला वाजतो.

---

पाऊलवाट:

फोनच्या गजराचं तर माझ्या लक्षातच आलं नसतं. दादा, खरंच आभार, कारण मी परवाच तिच्या फोनमध्ये ८ चा गजर लावून निश्चिंत झाले होते. तो काढून टाकला.

आज डॉक्टरांशी बोलले. प्रवासाच्या दोन्ही दिवशी गोळी लंडनच्या आठलाच, आणि मधल्या दिवसांत वेळ कशी सरकवायची ते त्यांनी तारखांसकट कागदावर लिहून दिलंय. चार तासांचा फरक मीच त्यांना सांगितला, त्यांनी कॅलेंडर उघडून बघितलं आणि दोन ओळी खोडून परत लिहिल्या.

आईला सगळं वाचून दाखवलं. तिने कपाटातून तिचं जुनं किल्लीचं घड्याळ काढलंय, रोज सकाळी किल्ली देऊन रेडिओशी जुळवून बघते, दिवसाला एक मिनिट मागे पडतं म्हणते. पर्समध्ये कागद, गोळ्यांची डबी आणि रिकामी बाटली आत्तापासूनच ठेवली आहे. आणि काल झोपताना म्हणाली, "म्हणजे मी आणि पायलट एकाच घड्याळावर."